बिनखिशाचा मामा

शिलाई मशीनचा आवाज आला की मला मामीची पुढची खोली आठवते. मामी गावभरचे कपडे शिवायची. तिच्या हातची शिवण कधी उसवली नाही. फक्त मामाच्या कपड्यांना खिसे नसायचे.

मामा दारूपायी पार वाया गेला होता, तेव्हाची ती गोष्ट. बाटली खिशातून घरात यायची, म्हणून मामी रोज संध्याकाळी त्याला दारातच उभा करायची. तो मुकाट्याने खिसे उलटे करून दाखवायचा. तरी कुठल्यातरी चोरखिशातून बाटली यायचीच. शेवटी तिने कात्री घेतली आणि त्याचे झाडून सगळे खिसे काढून टाकले. हाताला अशी सवय लागली की शेजारच्या मास्तरांची पँटही बिनखिशाची निघाली. मास्तर कंबर चाचपत म्हणाले, "वहिनी, मी काय गुन्हा केला?" सगळे हसलो. मामीही हसली, मग मशीनवर डोकं टेकून रडली.

पुढे उपचार झाले आणि मामा खरंच सुटला. मामीशेजारी बसून काजं-बटणं करू लागला. चष्मा, किल्ली, रुमाल हातात घेऊन हिंडायचा आणि भलतीकडेच विसरायचा.

"मामा, कांगारूलासुद्धा खिसा असतो!" आम्ही भाचरं चिडवायचो.

तो हसायचा, पण खिसा त्याने कधी मागितला नाही. मामी म्हणायची, "दुधानं तोंड पोळलंय माझं, ताकही फुंकूनच पिणार." संध्याकाळी कडी वाजली की तिचं मशीन थांबायचं. मामा आत येऊन दोन शब्द धड बोलला की पुन्हा सुरू. त्याची दारू सुटली, हिचा पहारा काही सुटेना.

एकदा मामीला ताप आला. मामा धावतपळत औषध घेऊन आला. एका मुठीत गोळ्या, दुसऱ्या हातात किल्ली आणि रुमाल चक्क दातात! त्या तापातही मामीला हसू फुटलं. मग ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

बरी झाल्यावर तिने पहिलं काम केलं ते त्याच्या सदऱ्याला बाजूचा खिसा लावायचं.

तो सदरा घालून मामा फिरून आला. दारात थांबला आणि इतक्या वर्षांनी, कुणी न सांगता, खिसा उलटा करून दाखवला.

मामी उठली. तिने खिसा आत सारला, वरून हात फिरवून सारखा केला.

"असू द्या. झडतीसाठी नाही शिवला," ती म्हणाली. "चष्मा ठेवा त्यात. शोधून शोधून जीव जातो माझा."

त्यानंतर कडी वाजायची, तरी मशीन चालूच असायचं.