दैवशालाचं टपाल

माझ्या धाकट्या जावेचं नाव दैवशाला. घ्या, घेतलं नाव. पुन्हा घेते, दैवशाला. तुमाला वाटंल, त्यात काय एवढं? तर आमच्या घरात हे नाव सुनांनी तोंडातून काढायचं नव्हतं, कारण आमच्या आजेसासूचं नाव तेच. आन् ह्या एका रीतीपायी त्या पोरीची एम.एस्सी.ची जागा हातची गेली. इतक्या वर्षांनी सांगतानाबी माझं डोकं सणकतंय.

आमचं गाव पाथरी तालुक्यात, कॅनॉलच्या काठाला. दैवशाला पूर्णेची. तिचे वडील लिंबाजी रेल्वेत खलाशी. पूर्णेहून रोज रेल्वेनं परभणीला कॉलेजला जाऊन पोरगी गणितात बी.एस्सी. झाली, तीबी पहिल्या वर्गात. अंगानं काटकुळी. भाकरी थापायला बसली की काठ फाटलेच म्हणून समजा. तिला एक खोड होती. कुणी काहीबी म्हणलं की ती विचारायची, कशावरून? मामंजी म्हणजे आमचे सासरे दिनकरराव ओट्यावर बसून म्हणायचे, औंदा कापूस लय चांगला येतोय. ही आत भांडी घासता घासता हळूच म्हणायची, कशावरून? मला हसू आवरायचं न्हाई. मामंजी म्हणायचे, ह्या पोरीच्या तोंडाला लगाम न्हाई. लगाम कसला, तिचं डोकंच तसं चालायचं. कुठल्याबी गोष्टीला बूड हाय का न्हाई, हे तिला बघावं लागायचं.

लग्न ठरताना लिंबाजीनं एकच गोष्ट मागून घेतली, की पोरीला एम.एस्सी. करू द्यायचं. मामंजींनी चारचौघांत शब्द दिला. शिकू द्या की, आमी काय जुन्या वळणाचे हाव का, म्हणाले. तिचे नवरे, म्हणजे आमचे रामकिशन भावजी, जिंतूरकडं शाळेवर मास्तर. त्यांना तर बायको आपल्यापेक्षा जास्त शिकणार ह्याचंच कौतुक. सगळं ठीक होतं. मग लग्नात तांदळाचं ताट आलं, भावजींच्या हातानं अंगठी धरून तांदळात नाव लिहिलं, कमल. कामून? तर घरात थोरल्या दैवशालाबाई बसलेल्या. धाकटीला त्या नावानं पाणी आण म्हणायचं, रागवायचं, म्हणजे म्हातारीचा अपमान. साखर वाटली, बायकांनी कमल, कमल म्हणून हाका मारून बघितल्या, झालं. जन्मापासूनचं नाव तेवढ्यात पुसलं. त्या पोरीला कुणी एका शब्दानं विचारलं न्हाई.

मला तरी कुठं विचारलं होतं? मी माहेरची मनकर्णा. इथं आले तर मामंजींची बहीण मनकर्णा निघाली, म्हणून माझी सारजा केली. माझी शाळा चौथीतच सुटलेली, माझ्या नावावर कुठं काही लिहिलेलं नव्हतं. माझं चाललं. हिच्या नावावर बी.एस्सी. होती.

हे साल शहाऐंशी. नामांतराचा वाद धुमसतच होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून मागणारे मागत होते. अठ्ठ्याहत्तरला त्यापायी त्यांची घरं जाळली, माणसं मारली. आमच्या मामंजींचा नामांतराला विरोध. बाजार बंद ठेवायला हे पुढं, पारावर बोलायला हे पुढं. नाव म्हणजे काय अंगरखा हाय का, एक उतरवला आन् दुसरा घातला, असं म्हणायचे. मी चुलीपुढं बसून ऐकायची आन् माझ्या अंगाची लाही व्हायची. अहो, तिकडं नाव मागणारी माणसं तरी होती, जीव देऊन मागत होती. आमच्या घरात दोन सुनांची नावं अंगरख्यासारखी उतरवली, ती बदलून द्या म्हणून कोण आलं होतं?

तर औरंगाबादला विद्यापीठात एम.एस्सी. गणिताचा अर्ज करायची वेळ आली. भावजींनी अर्ज आणला, दैवशालानं भरला. बी.एस्सी.च्या कागदावर असंल तेच नाव अर्जावर लागतंय, म्हणून माहेरचं नाव घातलं आन् पत्ता आमच्या गावाचा. अर्ज धाडून भावजी शाळेवर गेले. त्या दिवसापासून हिचं ध्यान सगळं रस्त्याकडं. पोष्टमन बन्सीधर सायकलवर आला की ही हातातलं काम टाकून दारात. भाऊ, माझं काही आलं का? बन्सीधर म्हणायचा, न्हाई बघा, कमलताई.

इथंच घात झाला. बन्सीधरला ती कमलताई म्हणूनच माहीत. माझं खरं नाव दैवशाला हाय असं त्याला सांगायचं, तर आजेसासूचं नाव घेणं आलं, तेबी दारात उभं राहून, मामंजी ओट्यावर असताना. नवी सून, तिच्या जिभेवर ते आलंच न्हाई. सगळ्या दुनियेला कशावरून म्हणून विचारणारी पोरगी, आन् तिला स्वतःचं नाव घ्यायची चोरी! ह्याला काय म्हणावं तुमीच सांगा.

आन् पत्र तर आलं होतं. पाकिटावर इंग्रजीत टाइप केलेला पत्ता. बन्सीधरनं अक्षरं जुळवत पहिलं नाव वाचलं, गाव वाचलं, पुढच्या आडनावाच्या भानगडीत पडला न्हाई. गावात दैवशाला एकच. त्यानं पाकीट नेऊन म्हातारीच्या हातात दिलं. त्याला तरी काय बोल लावू? म्हातारीच्या नावावरचं रान कॅनॉलात गेलं होतं आन् त्याचे सरकारी कागद तिच्या नावानं येतच असायचे. म्हातारीनं पाकीट आपल्या पत्र्याच्या पेटीत टाकलं आन् कुलूप लावलं. मामंजी पाथरीला वकिलाकडं जाताना सगळे कागद एकदम न्यायचे, तोवर कुणी फोडायचे न्हाईत. त्याच पेटीला टेकून बसून ही पोरगी म्हातारीचे पाय चेपायची आन् मला म्हणायची, अक्का, अजून कसं आलं न्हाई हो?

मामंजी पाथरीला गेले तवर पोळा होऊन गेला होता. वकिलानं पाकीट फोडलं आन् म्हणाला म्हणे, दिनकरराव, तुमच्या आईला गणिताच्या एम.एस्सी.ला घेतलंय. मामंजी घरी येऊन ते हसत हसत सांगायला लागले. दैवशालानं त्यांच्या हातून पत्र घेतलं. प्रवेश घ्यायची तारीख कधीच निघून गेली होती. भावजींना निरोप धाडला, दोघं औरंगाबादला जाऊन आले. जागा भरल्या, पुढच्या वर्षी अर्ज करा, असं तिथं सांगितलं. ते तरी दुसरं काय सांगणार?

परत आल्यावर ती रडली न्हाई. माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणली, "अक्का, माझा नंबर लागला होता." मलाच भडभडून आलं.

मामंजी ओट्यावरून म्हणाले, जाऊ द्या, नशिबात नव्हतं. तिथं माझा ताबा सुटला. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यापुढं मी कधी मान वर केली नव्हती. डोक्यावरचा पदर तसाच ठेवला आन् उंबऱ्यात येऊन म्हणले, "मामंजी, नशिबाचं काढू नका. विद्यापीठाचं नाव बदलतील म्हणून तुमी बाजार बंद केला. हिचं नाव बदललं तवा तुमी साखर वाटली."

मामंजींचं तोंड लाल झालं. बाईमाणसाच्या नावाचं काय एवढं, म्हणाले, हाक मारण्यापुरतं तर असतंय. ऐका! ज्या नावावर पोरीनं पदवी घेतली, ते हाक मारण्यापुरतं.

म्हातारी भिंतीला धरून उठली. मघापासून ती सगळ्यांना विचारत होती, त्या पाकिटात काय होतं म्हणून, आन् कुणी तिला धड सांगत नव्हतं. आता तिला सगळं उमगलं होतं. लेकापुढं येऊन उभी राहिली.

"दिनकर," म्हणली, "माझं नाव घेऊन हाक मारणारं एकबी माणूस आता जित्तं न्हाई. माय गेली, भाऊ गेले, मैतरणी गेल्या. नाव नुसतं पडून हाय. वापरू दे तिला."

मामंजी म्हणाले, आईच्या नावानं सुनेला हाक कशी मारू? म्हातारी म्हणली, तोंड वाकडं करून मार, पण मार.

त्यांनी मारली न्हाई. वर्षभर अगं ए, ऐकलं का, असंच चाललं. खरं सांगायचं तर माझीबी जीभ वळंना, इतकी वर्षं दाबलेली. म्हातारी तेवढी मुद्दाम दिवसभर हाका मारायची. दैवशाला, चहा टाक. दैवशाला, माझी काठी कुठं गेली? स्वतःच्याच नावाचा नुसता सपाटा लावला होता तिनं.

दुसऱ्या साली पुन्हा अर्ज गेला. मूग तोडणीला आले होते तेव्हा बन्सीधर आला. ह्या वेळी रजिस्टर टपाल, सही पाहिजे. सवयीनं तो म्हातारीपुढंच उभा राहिला आन् म्हणाला, दैवशालाबाई, टपाल. म्हातारी ओट्यावर पाय पसरून बसली होती, शेजारी मामंजी. तिनं हात पुढं केला न्हाई. माझं नसतंय ते, म्हणली, जिचं हाय तिला बोलवा.

दैवशाला कॅनॉलापलीकडं मुगात. बन्सीधरनं मामंजींकडं बघितलं. मामंजी स्वतःच्या वहाणांकडं बघायलेत. म्हातारी म्हणली, मार की हाक. त्यांचं तोंड उघडलं, आवाज निघंना. बन्सीधरनं पाकीट परत थैलीत ठेवायला घेतलं, उद्या येतो म्हणाला. बास, म्हणलं आता. मी पदर खोचला, सुनांनी जिथं पाय ठेवायचा न्हाई त्या ओट्यावर मामंजींच्या अंगावरून पुढं जाऊन उभी राहिले आन् रानाकडं तोंड करून ओरडले, "दैवशाला! अगं ए दैवशाला! तुझं टपाल आलंय!"

ती धावतच आली. पदराच्या ओटीतल्या शेंगा वाटंनं सांडत आली. सही करताना बन्सीधरनं नाव विचारलं, आन् तिनं मामंजींच्या समोर मोठ्यानं सांगितलं.

तिची एम.एस्सी. झाली. आता परभणीला कॉलेजात गणित शिकवते. चौऱ्याण्णवला विद्यापीठाच्या नावाचं झालं, त्या दिवशी मामंजी घराबाहेर पडले न्हाईत. मला लय वाटलं, जाऊन विचारावं, अंगरखा बदलला का? पण म्हातारी तवा नव्हती, आन् तिच्यामागं ते खचले होते. मी चहा नेऊन ठेवला आन् आले.

दैवशालाच्या दारावर तिच्या नावाची पाटी हाय. मामंजींची बहीणबी जाऊन लय वर्षं झाली. मनकर्णा हे नाव आता मोकळं हाय. मला मात्र अजून सगळे सारजाच म्हणतात.