चेय्यी म्हणजे कर, की हात?

आज दुपारी घडलं, ते लगेच लिहून काढतेय.

बटणावर उघडमीट होणारा आमच्या गाडीचा आरसा बैलगाडीला घासून अर्धवट मिटलेला अडकला होता. म्हणून बाबा आणि मी आमच्या तेलुगू मुलखातल्या मावल्याला मेकॅनिक रमेश अन्नांकडे गेलो. त्यांनी मोटर नीट केली, बाबांना आरसा धरायला लावला आणि इथे मुलींनाही म्हणतात तसं मला 'अम्मा' म्हणत सांगितलं, "मैं बोला तो बटन दबाना, अम्मा."

मी बटणावर बोट ठेवून बसले. इतक्यात अन्ना ओरडले, "चेय्यी! चेय्यी!"

माझं तेलुगू शाळेपुरतं. चेय्यी म्हणजे कर. मी लगेच बटण दाबलं.

आरसा घर्रकन मिटला आणि बाबा किंचाळले. त्यांचं बोट सांध्यात अडकलं होतं. ते सोडवायला तेच बटण पुन्हा दाबायचं होतं आणि माझं बोटच हलेना. शेवटी अन्नांनी खिडकीतून हात घालून ते दाबलं.

"काऊन दाबलं वं?" बाबा कळवळले.

"अन्ना 'कर' म्हणाले ना!"

"अरे अम्मा, चेय्यी बोले तो हाथ भी होता! उनका हाथ निकालो बोल रहा था मैं!"

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे. नख काळंनिळं झालंय. बाबा म्हणतात, "आता भाकर तूच मोडून दे मले," आणि हसतात. मला हसू येत नाही.

आपण इथे दिवसभर तीन-चार भाषांत बोलतो. त्यातले किती शब्द मी अर्धेच ओळखते, याची आता भीती वाटते. तुम्हाला असे शब्द माहीत असतील तर खाली लिहा. मला ते आधीच कळलेले बरे.