उजव्या बाजूचं दार

ती रील काढा. आत्ताच्या आत्ता.

निसारचाचा आज सकाळी गेले. अजून दफन व्हायचंय, आणि तुम्ही तीच रील पुन्हा फिरवताय.

पहिल्यांदा टाकलीत तेव्हा खाली हसणारे इमोजी होते. आज मागे रडकं गाणं लावलंय, एवढाच फरक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. निसारचाचा राहायला जुन्नरला. पेठजवळ हायवेला त्यांची पत्र्याची शेड. ट्रक, टेम्पो, बसच्या बॉड्या बांधायचे. मी त्यांचा पेंटर. बॉडी त्यांची, रंग माझा, आणि भांडणं दोघांची मिळून.

आमच्या धंद्यात नाव सगळ्यात शेवटी. रंग वाळला की मी मागच्या बाजूला लिहायचो, "निसार बॉडी वर्क्स, पेठ". ते लिहून झालं की मगच चाचा मालकाच्या हातात चावी द्यायचे. कितीही घाई असो. नावाआधी चावी नाही.

आता रीलमध्ये काय दिसतं?

एक जुनी रेलकार प्लॅटफॉर्मला लागते आणि प्लॅटफॉर्मच्या बाजूला दारच नाही. नुसता गुळगुळीत पत्रा. कोणीतरी खिदळतंय, "बसवाल्याने रेल्वे बनवली!" मग कॅमेरा चाचांच्या टेम्पोवर. नाव झूम करून.

ते नाव माझ्या हातचं आहे.

जे दिसत नाही ते ऐका.

रेलकार म्हणजे रुळावर चालणारी एसटीच म्हणा. एकच डबा, त्यातच डिझेल इंजिन. घाटातल्या छोट्या लाईनवर पर्यटकांसाठी ती पुन्हा चालवायची होती. इंजिन दुसरीकडे दुरुस्त झालं. बॉडी मात्र पार कुजलेली. उजवी बाजू तर शिल्लकच नव्हती. ती चालवणाऱ्या हेरिटेजवाल्यांनी चाचांना एक जुना फोटो दिला. डावीकडून काढलेला.

चाचांनी डावी बाजू फोटोबरहुकूम बांधली. उजवीकडे सरळ पत्रा मारला, एसटीला असतो तसा.

आमच्या जुन्नर-आंबेगावात रूळच नाहीत हो! रेल्वे येणार, रेल्वे येणार, हे ऐकत म्हातारे झालो. स्टेशन कधी डावीकडे येतं, कधी उजवीकडे, हे एसटीत जन्म काढलेल्यांना कुठून सुचणार?

चुकलं. मान्य.

पण पाहणीला येणारे हेरिटेजवाल्यांचे साहेब तर रेल्वे कोळून प्यायलेले ना? शेडमध्ये चहा प्यायले, गाडीला चक्कर मारली, "ब्यूटिफुल" म्हणाले आणि गेले.

त्यांची रील कोणी नाही काढली.

रील काढली त्या दिवशी सगळे हसत होते. चाचा गाडीभोवती एकदा फिरून आले आणि मला म्हणाले, "पेंटर, आपन लई येडे हाय राव. चल, ग्राइंडर काढ."

रेल्वेच्या यार्डातच मुक्काम ठोकला त्यांनी. स्वतः मारलेला नवाकोरा पत्रा स्वतः कापला. जुनं सागवान कुठून कुठून शोधून आणलं. डावीकडच्यासारखी कडी, तशीच बिजागरी, तशीच काच. दार बसल्यावर मीच दोन्हीकडून बघत राहिलो. कुठलं फोटोतलं आणि कुठलं नंतरचं, कळेना.

रंग वाळला. मी नावाचा ब्रश काढला.

तेवढ्यात साहेब आले. "चाचा, हेरिटेज आहे. यावर असलं नाव शोभत नाही."

असलं म्हणजे कसलं, हे मी विचारलं होतं.

चाचांचा पारा चढला. "नाव न्हाई तर गाडी न्हाई. आमच्यात तसं नसतंय."

"मग ती यार्डातच पडून राहील."

हातातला पान्हा त्यांनी आपटला. बाहेर जाऊन बिडी ओढून आले. मग विचारलं, "नाव न्हाई टाकलं तर चालवनार ना नक्की?"

"चालवणार."

"मंग न्हाई टाकत. शबूद दिला."

मी जाम भांडलो त्यांच्याशी. नाव टाकल्याशिवाय एक साधा टेम्पो सोडला नाही या माणसाने आयुष्यात! मला म्हणाले, "ब्रश गुंडाळ. गाडी चालली पायजे."

पहिल्या फेरीला आम्ही दोघं मागच्या सीटवर होतो. गाईड पर्यटकांना सांगत होता, "हे उजवीकडचं दार बघा. इंग्रजांच्या काळातलं. एकदम ओरिजिनल!"

मी ताडकन उठलो. चाचांनी शर्ट धरून खाली बसवलं.

"गप ऱ्हा. कुनाला वळखू आलं न्हाई. अजून काय पायजे?"

घाट संपेपर्यंत गालातल्या गालात हसत होते. पण उतरल्यावर गाडीच्या मागे गेले आणि पत्र्यावरून हात फिरवत उभे राहिले. जिथं नाव असतं, तिथं.

तुम्ही म्हणाल, कुठंतरी गुपचूप लिहिलं असेल चाचांनी. मलाही तेच वाटलं होतं. नंतर एकदा जाऊन मी दार तपासलं, बिजागरीमागे, काचेखाली, सीटखालीसुद्धा.

काही नाही. शब्द म्हणजे शब्द.

आणि आज हेरिटेजवाल्यांच्या पेजवर तीच रील आहे. वर लिहिलंय, "आमचे चाचा".

आमचे? कधीपासून?

गाडीवर नाव नको होतं तुम्हाला. हसायला मात्र नाव चाललं. आज लाईक मिळवायलाही चालतंय. लाज वाटत नाही?

चाचा, तुम्ही असता तर परत माझा शर्ट धरला असता. पण शब्द तुम्ही दिला होता. मी नव्हता दिला.

म्हणून राहिलेलं काम आज इथं करतोय.

रेलकारची बॉडी, दोन्ही दारांसकट :
निसार बॉडी वर्क्स, पेठ.

झालं लिहून. आता चावी द्या, चाचा.

भावपूर्ण वगैरे आज जमत नाहीये. रागातच निरोप घ्या.

खुदा हाफिज.