सुटीच्या दिवशी पळणारा बुधा

टपालाची थैली घेऊन पळणारे आम्ही जुने रनर एका जागी बसलो की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. एक निघाला की त्याच्या मागून दुसरा. ऐकणारे हसतात. खरं तर प्रत्येक किश्शात आमची पाचावर धारण बसलेली असते!

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची, इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. धडगावच्या घाटात टपालाची थैली घेऊन पळायला मी आणि बुधा एकाच दिवशी लागलो. मी कोरीटचा, तो तापीकाठचा, दोघेही सपाटीवरचे. तीन महिने उमेदवारी. एकदा जरी थैली रखडली तर टपालाचे साहेब घरी पाठवणार. शिकवायला हिलालआबा, साठीला टेकलेले रनर. नव्या माणसाने एक दिवस पळायचं आणि दुसऱ्या दिवशी बसायचं, हा त्यांचा नियम. बसायच्या दिवशी पाणी भरायलासुद्धा उठू देत नसत.

"ज्या दिन बठशी, त्याच दिन पाय पक्का व्हतीन," ते म्हणायचे.

*

माझी पहिली ड्युटी. एका हातात घुंगरांचा भाला, बिबट्यासारखी जनावरं बिचकावीत म्हणून. दुसऱ्या वळणावर मागे झुडपात खसफस झाली. मी थांबलो की तीही थांबे. मग मी असा सुटलो की थैली द्यायच्या वरच्या चौकीत जाऊन उंबऱ्यावरच आडवा झालो. पाठोपाठ दारात एक वासरू येऊन उभं राहिलं. घुंगरांना भुलून बिचारं सगळा घाट चढलं होतं.

परतल्यावर आबांना वाटलं मी फार जोरात पळालो, म्हणून त्यांनी मला दोन दिवस बसवलं. वासराचं मी सांगितलंच नाही.

*

एकदा चढावर धापा टाकत होतो, तेव्हा डोक्यावर मोहाच्या फुलांची पाटी घेतलेली एक पावरा आदिवासी बाई चालत मला मागे टाकून गेली. जाताना तिने माझ्या घुंगरांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. त्या दिवशी बिबट्याची भीती वाटली नाही, लाजच एवढी वाटली.

*

बसण्याची भीती वेगळीच. पाय आखडतील, पळणंच विसरू, असं दिवसभर वाटायचं. मी निदान बसायचो तरी. एका सकाळी घाटात मागून पावलं ऐकू आली, घुंगरांशिवाय. भाला रोखून वळलो तर समोर बुधा, हात जोडून उभा. सुटीच्या दिवशी चोरून पळत होता.

"मी बठी ऱ्हायनू ते साहेब म्हनी, हाऊ कशाले जोयजे?"

बसून राहिलो तर साहेबांना आपण नकोसे होऊ, ही त्याची धास्ती. घरी बाळंतीण बायको, दुसरा कसला आधार नाही. पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात, हेही तो म्हणाला. आबा रागावतील म्हणून मी त्यांच्यापासून हे लपवलं. आज त्या लपवण्याची शरम वाटते.

*

त्यानंतर आठवडाभरातच बुधा सकाळी थैली घेऊन गेला आणि दुपारपर्यंत परतला नाही. मी आबांना सगळं सांगून टाकलं. ते तसेच उठून घाट चढू लागले. मी मागे.

तिसऱ्या वळणावर बुधा रस्त्याच्या मधोमध बसला होता. पाय आखडलेले, थैली मांडीखाली, भाला हलवत होता. समोरच्या खडकावर बिबट्या. तोही बसलेला. पळणाऱ्यावर बिबट्या झेप घेतो; बुधाला पळता आलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करत नाही. आम्हाला पाहून जनावर सावकाश उठलं आणि उतारावर दिसेनासं झालं.

बुधाचे ओठ पांढरे पडले होते. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा:

"आबा, मन्ही नोकरी गयी का?"

आबांनी त्याच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या. उभ्या नोकरीत त्यांची थैली कधी रखडली नव्हती. त्यांनी थैली बुधाच्या मांडीखालून ओढून स्वतःच्या गळ्यात अडकवली, भाला घेतला.

"साहेबले सांगसू, आज तुन्ही सुटी व्हती," ते म्हणाले. "उशीर मन्हामुये झाया."

आणि पळत वर गेले.