चार ते पाच

ठाण्याच्या रुग्णालयात भेटीची वेळ चार ते पाच होती. बायकोच्या खाटेशेजारी एक पत्र्याचं स्टूल असे. बावीस दिवसांत मी त्यावर एकदाही बसलो नाही.

ती म्हणायची, "बसा ना जरा."

मी म्हणायचो, डोंबिवलीपासून बसूनच आलोय, पाय मोकळे करतो. तेही खोटंच होतं. येतानाही मी उभाच असायचो.

तीन वर्षांपासून मला शौचाच्या जागी चीर पडली होती. सकाळी काच फिरावी तशी वेदना, मग दुपारपर्यंत आग. तपासून घ्यायची लाज वाटे, म्हणून मीच त्याला मूळव्याध ठरवून टाकलं होतं. सुरणाची भाजी, ताक, औषधाच्या दुकानातून पुटपुटत मागितलेलं मलम. सुरण का, हे तिने कधी विचारलं नाही. निमूट करून वाढायची. पुढे ती आजारी पडली. तिच्या दुखण्यापुढे माझं हे कुठे सांगायचं?

एका संध्याकाळी तिने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "जायची घाई झालीय तुम्हाला. जा."

नाही गं, एवढंच मी म्हणालो. चौथ्या दिवशी ती गेली.

आम्हाला मूलबाळ नाही. दहाव्याला खडवलीला नदीकाठी मीच बसलो. दोन तास पाटावर, दात आवळून. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. झाडावर चार-पाच बसले होते. गुरुजी म्हणाले, त्यांची काही इच्छा राहिली असेल तर सांगा. तिच्या भावाने पुढे होऊन आईकडे बघेन म्हणून सांगितलं. तिच्या मैत्रिणीने तुळशीला पाणी घालायचं कबूल केलं. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. काय सांगायचं ते मला ठाऊक होतं. एवढ्या लोकांत ते तोंडातून निघेना. मनातल्या मनात सांगितलं असतं तरी चाललं असतं. तेही जमलं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. उठलो तेव्हा धोतराला रक्त लागलेलं होतं. मी उपरणं कमरेला गुंडाळलं.

ते उपरणं तिच्या भावाने पाहिलं. पुढच्या आठवड्यात काही न विचारता तो मला सर्जनकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि ही मूळव्याध नाहीच, म्हणाले. दुखतं म्हणून तिथला स्नायू आवळतो, आवळला की रक्त पोचत नाही, म्हणून चीर भरत नाही. चिरेच्या जुन्या, कडक झालेल्या कडा कापून काढायच्या आणि त्याच वेळी स्नायूत इंजेक्शन द्यायचं. त्याने तो काही महिने सैल राहतो, तेवढ्यात जखम भरून येते.

मी विचारलं, "हे आधी करता आलं असतं?"

"कधीही. अर्ध्या तासाचं काम आहे," ते सहज म्हणाले आणि कागद पुढे सरकवला. सही करताना माझा हात थांबला. मी भुलीला घाबरलो असं वाटून त्यांनी धीर दिला.

जखम भरायला दोन महिने लागले. मग एका दुपारी घरात मी तिच्या पलंगाशेजारी लाकडी स्टूल ओढलं आणि बसलो. काही दुखलं नाही. त्याचाच राग आला. घड्याळात चार वाजले होते. पाचपर्यंत तसाच बसून राहिलो, आणि नदीकाठी जे राहिलं होतं ते तिला सांगितलं.