विहिरीची धाव त्याने सपाट केली

माझी शाळा दोन इयत्तांची. पण मोट कशी चालते हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमची सोनगीरजवळची विहीर चुलतभावात नि माझ्यात सामाईक. तीन दिवस पाणी त्याचं, तीन दिवस माझं. तो धुळ्याला इंग्रजी शिकून आलेला. मी बाजाराला गेलो तो दिवस साधून त्याने माणसं लावून मोटेची धाव, म्हणजे मोट ओढताना बैल उतरतात ती विहिरीपुढची उतरती वाट, भराव टाकून सपाट केली. म्हणे, बैलांना दर खेपेला उलटं वर चढावं लागतं, ते कष्ट फुकट जातात.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी. कांदा पाण्यावाचून माना टाकत होता. भरलेली मोट अर्ध्यावर आली आणि अडली. सपाटीवर बैलांचे खूर घसरले, मोटेने बैलच मागे विहिरीकडे ओढले. मी मोटेचा दोर, नाडा, कापला म्हणून जनावरं वाचली. मोट तळाशी गेली, म्हाताऱ्या बैलाचे गुडघे सोलले.

फावडं घेऊन मी भराव उपसायला लागलो. तो आला.

"भाऊ, हे अडाणीपण सोडा. चढाला जोर लागतोच ना?"

"लागस ना! पन तवय मोट रिकामी रास. बैल फक्त सोतानं अंग वर नेस. तेच अंगनं वजन उतरतांना नाडावर पडस. ते चढनं काही फुकट जात नही, गाढवा."

"पुस्तकात असं नाही."

"मंग पुस्तकले जू बांध."

खोटं काय बोललो? उतरताना हाकणारासुद्धा नाड्यावर बसतो, तो काय बसायची हौस म्हणून? त्याच्या अंगाचाही भार कामाला येतो.

धाव पुन्हा उतरती करण्यात नि गळ टाकून मोट काढण्यात माझे तिन्ही दिवस गेले. मी एक दिवस जास्तीचा मागितला. माझ्या तोंडून मागणं निघालं, यातच समजा.

"पाळी म्हणजे पाळी, भाऊ," तो म्हणाला, आणि मी खणलेल्या त्याच उतारावर स्वतःचे बैल हाकले. भरलेली मोट सरसर वर आली. लाज म्हणून वाटली नाही. नाड्यावर ऐटीत बसला होता.

माझा कांदा बांधापर्यंत करपला. तो मी उपटला नाही. भावाच्या जायच्या-यायच्या वाटेवर होता, रोज त्याला दिसू दे म्हटलं.