खड्ड्याचं खापर

बस स्पीडब्रेकरपाशी आली की मागच्या बाकावरचे लोक आधीच हसायला लागायचे. पुढे काय होणार ते सगळ्यांना पाठ होतं. ड्रायव्हरबाई वेग कमी करणार, अजून कमी करणार, मग पुढची चाकं अशी चढवणार की जणू रस्त्यात कुणी झोपलंय आणि त्याची झोप मोडायला नको. मग तशीच मागची चाकं. तोवर शेजारून एखादा सायकलवाला शीळ घालत पुढे निघून जायचा.

"हळूबाई, खाली उतरून ढकलू का?"

"ढकला की. पण तिकीट काढून ढकला," कंडक्टर म्हणायचा. जाडजूड, तोंडाचा फाटका माणूस. सगळे त्याला मास्तर म्हणत.

दोन वर्षांपूर्वी या बाईला कुणी हळूबाई म्हटलं असतं तर अख्खा डेपो हसून लोळला असता. बस वेळेआधी पोचते म्हणून तिला साहेबांची बोलणी बसायची. गर्दीच्या चौकातून ती गाडी अशी काढायची की पुरुष ड्रायव्हर चहाचा कप हातात धरून बघत राहायचे. ती हळू झाली ते दुसऱ्या खेपेनंतर. आणि ती खेप बसची नव्हती.

लग्नाला वर्षं झाली होती, मूल नव्हतं. वय चाळिशीच्या अलीकडे येऊन ठेपलं तेव्हा दोघं नवराबायको टेस्ट ट्यूबच्या दवाखान्यात गेली. पोटात सुया टोचून घेतल्या, अंगावर सूज चढली, ती उतरायच्या आत पुन्हा चढली. बीजं बाहेर काढली, लॅबमध्ये त्यांचे गर्भ तयार केले. एक गर्भाशयात ठेवला आणि उरलेले गोठवून ठेवले. गर्भाशयात ठेवण्याच्या कामाला दवाखान्यात ट्रान्सफर म्हणतात. तिने डेपोत रजा मागताना तोच शब्द वापरला तर मास्तर म्हणाला, "ट्रान्सफर? अहो, कुठल्या डेपोला?" ती हसली होती. तेव्हा हसू यायचं.

पहिली ट्रान्सफर फुकट गेली. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. पलंगाच्या पायथ्याशी विटा लावल्या, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. "हलायचं नाही, खोकायचं नाही. लागलं तर भांडं आहे."

भांड्याची गरज पडली नाही. बस चालवणाऱ्या बाईला धरून ठेवायला शिकवावं लागत नाही. तिच्या मार्गाच्या दोन्ही टोकांना बायकांसाठी मुतारी नव्हती. पुरुषांना भिंत असते, बायकांना फक्त धीर असतो. सकाळी पाणी प्यायचं नाही, दुपारी घोटभर, की दिवस निघतो. तोच हिशेब तिने पलंगावर लावला. लघवीला गेलं की गर्भ वाहून जाईल, या भीतीने ती ओठ चावून पडून राहिली. शेवटी आग व्हायला लागली, ताप भरला, औषधं घ्यावी लागली.

ताप उतरला आणि डेपोतून निरोप आला. ड्रायव्हर कमी होते, रजा संपली होती, येतेस की दुसरा माणूस बघू? ती गेली. आणि बाजाराच्या मागच्या वळणावर पाण्याने भरलेला खड्डा तिला दिसला नाही. बस उडाली, माणसं किंचाळली, कुणाच्या पिशवीतले कांदे पार पुढपर्यंत घरंगळत आले. कुणाला काही लागलं नाही. पण मास्तरला संध्याकाळी दुकानात सासूबाई भेटल्या, आणि मास्तरच्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच.

"काय सून आहे हो तुमची. आज सगळ्यांना विमानात बसवलं."

पुढच्या आठवड्यात रक्ताचा रिपोर्ट आला. काही राहिलं नव्हतं.

झालं. घराला खापर फोडायला जागा मिळाली. सासूबाई दिवसातून एकदा तरी म्हणायच्या, "सांगत होते, पडून राहा." नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, दिवसभर बारीक बघून थकलेला माणूस, भांडण त्याच्या स्वभावात नव्हतं. तो एकदाच म्हणाला, "त्या दिवशी गेली नसतीस तर." एवढंच. एकदा पुरलं. बाईचं अंग म्हणजे दाराजवळची खुंटी. येणाऱ्याने यावं, आपलं ओझं टांगावं आणि मोकळं व्हावं. तिला मात्र वाईट याचं वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की तीही तेच मानत होती. ती हळूबाई झाली ती तेव्हापासून. रस्त्यातला प्रत्येक उंचवटा तिच्याकडे बोट दाखवायचा.

आता एकच गर्भ गोठवलेला शिल्लक होता. पुन्हा बीजं काढायची ताकद तिच्यात राहिली नव्हती, घरातही नव्हती. हा राहिला तर राहिला. आणि नाही राहिला, तर यावेळी खापर कशावर फुटणार ते तिला आत्ताच दिसत होतं.

दवाखान्यात एक बरी गोष्ट होती. अधूनमधून लॅबमधल्या बाई पेशंट लोकांना तळघरातल्या खोलीत बसवून नव्या संशोधनात काय निघालं ते सांगायच्या. सासूबाईंना हे कळलं आणि त्या म्हणाल्या, "मी पण येते. मला विचारायचंय त्यांना."

"काय विचारायचंय?"

"तुला चार लोकांत सांगू देत. माझं ऐकत नाहीस ना."

तळघरात प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि फिनेलचा वास. जोडपी एकमेकांकडे न बघता बसली होती. अशा खोलीत सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं आणि कुणी कुणाला विचारत नाही. लॅबवाल्या बाई आल्या. केस आखूड कापलेले, आवाज बसलेला, हातात थंड झालेला चहा. त्यांनी प्रस्तावना केली नाही.

"विचारा. जे विचारायला लाज वाटते ते आधी विचारा."

कोपऱ्यातली एक पोरसवदा बाई म्हणाली, "शिंक आली तर?"

"शिंका. रोखलीत तर कानाचे हाल."

खोली थोडी सैल झाली. बाईंनी टेबलावरचे दोन कागद घेतले, कपातल्या चहात भिजवले आणि एकमेकांवर चिकटवले. मध्ये खसखशीएवढा कागदाचा कण होता. मग ते हातात धरून झटकले, उलटे केले, पुन्हा झटकले. कण पडला नाही.

"लोकांना वाटतं गर्भाशय म्हणजे उघडी पिशवी, उभं राहिलं की त्यातलं खाली पडणार. तसं नसतं. त्याच्या भिंती एकमेकींना अशा टेकलेल्या असतात. आणि लघवीची पिशवी वेगळी, तिचा रस्ता वेगळा. तिथून गर्भ वाहून जाऊच शकत नाही. ट्रान्सफरनंतर आधी जाऊन या, मग घरी जा."

हळूबाई मान खाली घालून बसली होती. तापाचे ते दिवस तिला आठवले. रडू नाही आलं. फक्त खूप दमल्यासारखं झालं, लांबच्या फेरीनंतर इंजिन बंद केल्यावर होतं तसं.

कुणीतरी गर्भाशयाला आतून ओरखडा काढण्याबद्दल विचारलं. त्याने गर्भ चांगला रुजतो असं ऐकलं होतं. बाई म्हणाल्या, "आम्हीही करायचो. आम्हालाही वाटायचं. मग मोठे अभ्यास झाले, शेकडो बायकांचे दोन गट केले, एका गटात केलं, दुसऱ्यात नाही केलं. मुलं दोन्हीकडे सारखीच झाली. आता करत नाही. कुणी 'हे जास्तीचं करून घ्या' म्हणालं तर एकच विचारा, याने मूल होण्याचं प्रमाण वाढतं असं कुठे दिसलंय का? उत्तर लांबायला लागलं की समजा."

आता सासूबाई उठल्या. खुर्चीची पाठ घट्ट धरून.

"माझी सून बस चालवते. मागच्या वेळी खड्ड्यात आपटली आणि गेलं. तिला सांगा, यावेळी पडून राहायचं."

सगळ्यांनी वळून बघितलं. हळूबाईला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

"आजी, पडून राहण्याचेही अभ्यास झालेत," लॅबवाल्या बाई म्हणाल्या. "काही बायकांना झोपवून ठेवलं, काहींना लगेच उठून घरी जाऊ दिलं. झोपलेल्यांत दिवस राहिलेल्या बायका जास्त निघाल्या नाहीत. काही ठिकाणी तर थोड्या कमीच निघाल्या."

"पण खड्डा?"

"खड्ड्याचा अभ्यास कुणी केलेला नाही. खोटं नाही सांगणार. पण खड्ड्याने गर्भ पडेल असं मला शरीरात कुठे दिसत नाही. बहुतेक वेळा घोटाळा गर्भातच असतो. आत गुणसूत्रं असतात, त्यांची संख्या चुकते. आईचं वय वाढलं की जास्त वेळा चुकते. मग तो रुजत नाही, किंवा रुजून थांबतो. आणि दिसायला छान असलेला गर्भही कित्येकदा रुजत नाही, का ते आम्हालाही सांगता येत नाही. माझ्या हातून रोज जातात. मी काय, रोज खड्ड्यात आपटते?"

सासूबाई बसल्या नाहीत.

"रुजून थांबतो म्हणजे? तिसऱ्या महिन्यात पण?"

"तिसऱ्या महिन्यातही. सुरुवातीला गेलेल्या गर्भांतले पुष्कळसे असेच गेलेले असतात."

"जड काही सरकवलं तर?"

"काय जड?"

"कपाट."

लॅबवाल्या बाईंनी कप खाली ठेवला. आवाज हळू केला. "कधीची गोष्ट?"

"माझा मुलगा व्हायच्या आधीची."

"मी तिथे नव्हते, त्यामुळे शपथेवर नाही सांगणार. पण मी तुमच्या जागी असते तर कपाटाला दोष दिला नसता."

सासूबाई खाली बसल्या. पुढचं त्यांनी काही ऐकलं असं वाटलं नाही.

परतताना दोघी दुसऱ्याच्या बसमध्ये प्रवासी म्हणून बसल्या. ड्रायव्हर घाईतला होता, बस दणके खात चालली होती. दोघींचे खांदे एकमेकींवर आदळत होते.

सासूबाईंच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. अर्धी खिडकी त्याने झाकली होती. लग्न होऊन आल्या आल्या हळूबाई म्हणाली होती, "आई, हे सरकवू या का? उजेड येईल." तेव्हा सासूबाई अशा काही अंगावर आल्या होत्या की पुन्हा कुणी नाव काढलं नाही. म्हातारीची लहर म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. त्या खोलीत दुपारीही दिवा लावावा लागायचा.

"मीच लावलं होतं ते तिथे," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "ढकलत नेलं आणि दोन दिवसांनी गेलं. माझी सासू म्हणाली, तुझ्या हाताने घालवलंस. मरेपर्यंत म्हणाली. आणि ती गेल्यावर मी म्हणत राहिले. मनात."

माफी मागितली होती का सासूबाईंनी? तसं म्हणता येणार नाही. पण पुढच्या थांब्यापर्यंत त्यांनी सुनेची पिशवी आपल्या मांडीवर घेऊन ठेवली होती.

तिसरी ट्रान्सफर झाली. हळूबाई उठली, आधी जाऊन आली, आणि घरी चालत गेली. विटा अंगणातच राहिल्या. डॉक्टरांना विचारून तीनच दिवसांनी ती कामावर रुजू झाली. मास्तरने यावेळी पाण्याची बाटली तिच्या सीटशेजारी ठेवली.

"प्या. वळणावरच्या दवाखान्यातल्या पोरीशी बोललोय. तिथलं बायकांचं बाथरूम वापरू देतील. मी बस थांबवतो, लोकांना सांगतो टायर बघतोय."

"मास्तर, लोकांना खरं सांगितलं तरी चालेल."

"बघा बुवा. तुमची अब्रू."

"ती आपटून आपटून मजबूत झालीय."

ती पाणी प्यायली. स्पीडब्रेकर आला तेव्हा तिने ब्रेक दाबला, जेवढा दाबायला हवा तेवढा. मागचे लोक हसायला तयार होऊन बसले होते, त्यांची वेळ चुकली.

रिपोर्ट आला तो दुपारी. नवऱ्याने फोनवर ऐकला आणि फोन कानाला तसाच धरून उभा राहिला. हाही राहिला नव्हता. शेवटचा होता.

तो आत आला. तिच्या शेजारी पलंगावर बसला. "दमलीस," एवढंच म्हणाला. तिने मान हलवली. एवढं खरं होतं. तिला वाट बघायची सवय होती, आणि ती वाट बघत होती त्या वाक्याची. सासूबाईंच्या पावलांचा आवाज आला. त्या दारात उभ्या राहिल्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "जरा येतेस?"

ती गेली. सासूबाई कपाटाच्या एका बाजूला उभ्या होत्या. आतले कपडे काढून पलंगावर ढीग लावलेला होता.

"तू तिकडून धर. मी इकडून लोटते."

"आई, तुमची कंबर."

"कंबरेला काय होतंय. तू धर."

नवरा धावत आला, त्याला दोघींनी बाजूला केलं. लोखंडाने फरशीवर कर्कश आवाज केला. कपाट एक वीत सरकलं, मग अजून थोडं. मागची भिंत जुन्या निळ्या रंगाची निघाली, बाकी खोलीचा रंग कधीच बदलला होता. खाली जळमटं, एक कंगवा आणि नवऱ्याच्या लहानपणाचा एक मोजा सापडला. खिडकीतून ऊन थेट पलंगावर पडलं आणि हवेत इतकी धूळ उडाली की तिघांनाही शिंका आल्या.

हळूबाईने एकही शिंक रोखली नाही. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. सासूबाई तिच्या शेजारी बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून, त्यासुद्धा दमलेल्या.

"उद्या ड्युटी आहे?"

"आहे. पहिली फेरी."

"मग पाणी पिऊन जा," सासूबाई म्हणाल्या.